ताक आणि कोंडा

मराठी भाषेनें पोटाला मोठा मान दिलेला आहे. दुसऱ्याचा अपराध आपण पोटांत घालतों, गुपित पोटांत ठेवतों, मुलाला पोटचें म्हणतों आणि सारा उद्योग पोटासाठीं करतों. परंतु या पोटाच्या तळाशीं सुमारें दीड मीटर लांबीचें जें मोठें आंतडें वेटोळें घालून बसलेलें असतें, त्याविषयीं सभ्य घरांत कोणी बोलत नाहीं. बोलल्यास वैद्याजवळ, आणि तेंहि आवाज खालीं करून. शास्त्रानेंहि या अवयवाची दीर्घकाळ अशीच उपेक्षा केली. मोठें आंतडें म्हणजे शरीराची मोरी. अन्नांतील सत्त्व वरच्या मजल्यावर शोषून घेतल्यावर उरलेला गाळ वाहून नेणें एवढेंच काय तें तिचें काम, अशी समजूत होती. ही समजूत बदलण्यास सव्वाशें वर्षें लागलीं. पॅरिस, लंडन, कुन्नूर, वर्धा, युगांडा अशा एकमेकांपासून दूर असलेल्या ठिकाणीं हा विचार पुढें सरकला, आणि शेवटीं तो ज्या दोन पदार्थांपाशीं येऊन थांबला ते आमच्या स्वयंपाकघरांतील अगदीं कमी मानाचे आहेत : लोणी काढून घेतल्यावर भांड्यांत उरणारें ताक, आणि पीठ चाळल्यावर चाळणींत उरणारा कोंडा. या दोन उरलेल्या पदार्थांचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

आमच्याकडील जुन्या वैद्यकानें या विषयाकडे कसें पाहिलें, हें प्रथम पाहूं. आयुर्वेदांत आरोग्याचें मूळ जठराग्नींत मानलेलें असून अन्न धरून ठेवून त्याचें पचन घडविणाऱ्या अवयवास ग्रहणी हें नांव आहे. तिच्या बिघाडानें होणारा रोगहि त्याच नांवाचा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत अर्श आणि ग्रहणी या दोन विकारांचे अध्याय लागोपाठ येतात, आणि दोहोंतहि ताकाची योजना मोठ्या आस्थेनें सांगितलेली आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या भावप्रकाशांत सायीचें व पाण्याचें प्रमाण पाहून घोल, मथित, तक्र, उदश्वित् व छच्छिका असे ताकाचे पांच भेद केले. घुसळलेल्या दह्याकडे इतक्या बारकाईनें पाहणाऱ्या लोकांचा त्या पदार्थाशीं पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय असला पाहिजे, हें उघड आहे.

पण या ग्रंथकारांची स्तुति आंधळी नव्हती. जखमी माणसास, दुर्बळास आणि उन्हाळ्यांत ताक देऊं नये, असें सुश्रुतानें बजाविलें आहे. रात्रीं दहीं खाऊं नये, असें चरक सांगतो. वैशाखाच्या उन्हांतून आलेल्या पाहुण्यापुढें ताकाचा पेला ठेवणाऱ्या आम्हांस सुश्रुताचा निषेध चमत्कारिक वाटेल. परंतु त्यावरून एवढें दिसतें कीं, ताक हें त्यांच्या दृष्टीनें औषध होतें, आणि औषधास काळवेळ व पात्रापात्रता पाहावी लागते. पाहिलेला गुण लिहून ठेवणें आणि जेथें गुण आला नाहीं तेथें मनाई करणें, हा त्यांचा मार्ग होता. मात्र दुधाचें दहीं कशानें होतें हें त्यांस ठाऊक नव्हतें, आणि सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून तें ठाऊक होणें शक्यहि नव्हतें. जंतुशास्त्र आमच्या ग्रंथांत पूर्वीच होतें, असें म्हणणारे लोक त्या ग्रंथकारांच्या पदरीं न केलेलें काम बांधतात आणि केलेलें काम झांकून टाकतात.

दह्यांतील जंतूंस जगाच्या चर्चेंत आणणारा पुरुष रशियन होता. एली मेचनिकॉफ याचा जन्म १८४५ सालीं खारकॉव्ह प्रांतांत झाला. १८८२ सालीं सिसिली बेटांतील मेसिना येथें तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांचें निरीक्षण करीत असतां, शरीरांत शिरलेल्या परक्या वस्तूस कांहीं पेशी चोहोंकडून घेरून गिळूं पाहतात, असें त्याच्या ध्यानीं आलें. या शोधाबद्दल १९०८ सालीं पॉल अर्लिक याच्याबरोबर त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. १८८८ पासून तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें होता. मुंबईकरांस त्याच्या शिष्यपरंपरेची ओळख निराळ्या वाटेनें झालेली आहे. ओडेसा येथें त्याच्या हाताखालीं शिकलेला आणि पुढें त्याच्या पाठोपाठ पॅरिसला गेलेला वाल्डेमार हाफकिन हाच १८९६ च्या प्लेगांत मुंबईस आला, आणि १८९७ च्या जानेवारींत आपण तयार केलेली प्लेगची लस त्यानें प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळ येथील संस्थेस आज त्याचेंच नांव आहे.

उतारवयांत मेचनिकॉफला म्हातारपणाच्या कारणाचा ध्यास लागला. मोठ्या आंतड्यांत अन्न कुजविणारे जंतु राहतात, त्यांपासून विष उत्पन्न होतें, आणि तें रक्तांत भिनून माणूस अकालीं जीर्ण होतो, असा सिद्धांत त्यानें मांडला. मोठें आंतडें हा अवयवच माणसास निरुपयोगी, किंबहुना अपायकारक आहे, असें म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली. यावर उपाय कोणता? दूध नासण्याऐवजीं आंबतें तेव्हां त्यांतील दुग्धाम्लामुळें कुजविणाऱ्या जंतूंचें कांहीं चालत नाहीं. मग तेंच आम्ल आंतड्यांत निर्माण केलें तर? १९०४ च्या जूनमध्यें पॅरिस येथें म्हातारपणावर दिलेल्या व्याख्यानांत त्यानें आंबट दुधाचा पुरस्कार केला. पुढच्याच वर्षीं जिनीव्हा येथें शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन वैद्यानें आपल्या देशांतील दह्यांतून तें विरजविणारा जंतु वेगळा काढला. बल्गेरियांत शंभरी गांठलेलीं माणसें पुष्कळ, आणि तेथील शेतकऱ्यांचें दहीं हेंच मुख्य अन्न; या दोहोंची सांगड मेचनिकॉफनें घातली आणि १९०७ सालच्या आपल्या ग्रंथांत ती जगापुढें ठेवली. तेव्हांपासून युरोप-अमेरिकेंत दह्याचें वेड पसरलें. औषधांच्या दुकानांत विरजणाच्या गोळ्या विकल्या जाऊं लागल्या.

या सिद्धांताचा पाया कच्चा होता. ज्या खेड्यांत जन्माची नोंद नाहीं, तेथील म्हाताऱ्यांचें वय त्यांच्या तोंडूनच ऐकावें लागतें. आणि दहीं खाणारा माणूस फार दिवस जगला म्हणून तो दह्यामुळेंच जगला, असें ठरत नाहीं. मेचनिकॉफ स्वतः अनेक वर्षें नेमानें आंबट दूध घेत असे. त्यास १९१६ सालीं एकाहत्तराव्या वर्षीं मृत्यु आला. १९२१ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या रेटगर व चेप्लिन या संशोधकांनीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि बल्गेरियन जंतु माणसाच्या आंतड्यांत बिऱ्हाड करीत नाहीं, असें दाखवून दिलें. पाहुणा म्हणून तो येतो आणि जातो.

दरम्यान एका अर्ध्यामुर्ध्या सिद्धांतानें केवढा अनर्थ होतो, हें लंडनमध्यें दिसून आलें होतें. सर विल्यम आर्बथनॉट लेन हा गाय हॉस्पिटलमधील नामांकित शल्यवैद्य. आंतड्यांत मळ सांचून शरीरांत विष भिनतें, या कल्पनेनें तो इतका भारून गेला कीं, निव्वळ बद्धकोष्ठाच्या रोग्यांचें मोठें आंतडेंच तो कापून काढूं लागला. रोग्यांपैकीं कांहीं दगावले, कांहींचे हाल वाढले. १९१३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्यें या विषयावर मोठा वाद झाला. १९१९ सालीं अमेरिकेंतील वॉल्टर अल्व्हारेझ यानें दाखविलें कीं, बद्धकोष्ठांतील डोकेदुखी व ग्लानि विषानें येत नसून आंतडें ताणल्यामुळें येते. तसें नसतें तर शौचास होतांच इतक्या त्वरित बरें वाटलें नसतें, कारण रक्तांतलें विष क्षणांत उतरत नाहीं. लेनविषयीं एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १९२५ सालीं त्यानें लोकांस आहार शिकविण्यासाठीं एक संस्था काढली आणि उरलेलें आयुष्य बिनचाळल्या पिठाची भाकरी, फळें व भाजीपाला यांच्या प्रचारांत घालविलें. आपली शस्त्रें खालीं ठेवून कोंड्याकडे वळलेला हा शल्यवैद्य आमच्या कथेंत उगाच आलेला नाहीं.

शास्त्रज्ञांनीं दह्याकडे पाठ फिरविली, तरी व्यापाऱ्यांनीं तें सोडलें नाहीं. १९१९ सालीं बार्सिलोना येथें आयझॅक कारासो यानें दहीं तयार करून औषधांच्या दुकानांमार्फत विकण्यास आरंभ केला. त्याच्या मुलाच्या लाडक्या नांवावरून ठेवलेलें डॅनोन हें नांव पुढें जगभर झालें. जपानांत मिनोरू शिरोटा यानें १९३० सालीं आंतड्यापर्यंत जिवंत पोंचणारा एक दुग्धाम्लजंतु निवडून काढला, आणि १९३५ पासून त्याचें पेय याकुल्ट या नांवानें विकलें जाऊं लागलें. अशा रीतीनें आमच्याकडे शेजारणीकडून वाटीभर फुकट मिळणारें विरजण जगाच्या बाजारांत शिक्का घेऊन उभें राहिलें.

आतां कोंड्याकडे वळूं. याची कथा हिंदुस्थानांतच सुरू होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील रॉबर्ट मॅकॅरिसन हा डॉक्टर या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभीं गिलगिटकडे नेमलेला होता. तेथील हुंझा खोऱ्यांतील लोकांमध्यें अजीर्ण, जठरव्रण, आंत्रपुच्छाचा दाह असले विकार आपणांस आढळले नाहींत, असें त्यानें १९२१ सालीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील व्याख्यानांत सांगितलें. पुढें निलगिरींतील कुन्नूर येथें त्यानें माकडांस सत्त्वहीन अन्न देऊन पाहिलें, तेव्हां त्यांच्या आंतड्यांस सूज व व्रण आलेले दिसले. पण त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग उंदरांवरचा आहे. हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांतील लोक जें जेवतात तेंच त्यानें उंदरांच्या निरनिराळ्या गटांस दिलें. बिनचाळल्या गव्हाच्या पोळ्या, दूध, लोणी, डाळ व भाजीपाला हा शीखांचा आहार पहिला ठरला, त्यानंतर पठाणांचा, तिसरा मराठ्यांचा, आणि सडीक पांढऱ्या भातावर अवलंबून असणारा मद्रासी आहार सर्वांच्या शेवटीं गेला. १९३६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्यें दिलेल्या व्याख्यानांत त्यानें हे निष्कर्ष मांडले.

तिसरा क्रमांक वाचून मराठी वाचकास थोडें समाधान वाटेल, तें वाटूं द्यावें; पण दोन गोष्टी विसरूं नयेत. पहिली ही कीं, त्या उंदरांना खावयास मिळाला तो प्रत्येक प्रांताचा खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाचा आहार. दुष्काळी तालुक्यांतील मजुराच्या घरीं ज्वारीच्या भाकरीबरोबर दूध-लोणी कोठून येणार? दुसरी ही कीं, हुंझा लोकांविषयीं पुढें प्रवाशांनीं एकशेंवीस वर्षांच्या म्हाताऱ्यांच्या ज्या गोष्टी पसरविल्या, त्यांस जन्माच्या नोंदींचा आधार नव्हता. बल्गेरियाची चूक हुंझांत पुन्हा झाली. दुर्गम डोंगरांतील निरोगी म्हातारा हा शहरांतल्या अजीर्णग्रस्त माणसाचा आवडता देव आहे, आणि या देवाची पूजा अजूनहि थांबलेली नाहीं.

मॅकॅरिसनचें लक्ष मुख्यतः जीवनसत्त्वांवर होतें. पण हीं जीवनसत्त्वें जेथें असतात त्या धान्याच्या सालीबरोबर कोंडाहि जातो, ही गोष्ट त्या काळीं आमच्या देशांत सर्वांच्या डोळ्यांसमोर घडत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या आणि पांढरें शुभ्र पीठ स्वस्त झालें. आमच्याकडे भाताच्या गिरण्यांनीं तांदूळ तसाच पांढरा केला. १९३४ च्या डिसेंबरांत गांधीजींच्या प्रेरणेनें वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, आणि मगनवाडींत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं हातसडीचा तांदूळ, जात्यावरचें पीठ आणि गूळ यांचा पुरस्कार सुरू झाला. त्या चळवळीचा हेतु खेड्यांतील रोजगार हा होता, तसाच आरोग्य हाहि होता. ती फारशी यशस्वी झाली नाहीं, आणि तिच्या अपयशाचीं कारणें सांगतांना आपण ताकाला जाऊन भांडें लपवूं नये.

पहिलें कारण प्रतिष्ठा. पांढरा भात हें साहेबी आणि शहरी अन्न झालें; ज्वारी-बाजरी-नाचणी हें कष्टकऱ्यांचें. घरची स्थिति सुधारली म्हणजे प्रथम भाकरी ताटांतून जाते आणि तिच्या जागीं मऊ पोळी व पांढरा भात येतो, हें आम्हीं सर्वांनीं पाहिलेलें आहे. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचें पीठ हें ज्या हातांनीं होत होतें ते बायकांचे होते. पहांटे उठून दळावें, दुपारीं कांडावें, आणि पुन्हा चुलीपाशीं बसावें, असें ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस गिरणीचा भोंगा हा सुटकेचा वाटला, यांत नवल नाहीं. जुन्या अन्नाचे गुण गाणाऱ्या पुरुषांनीं त्या अन्नाच्या मागील श्रमांचा हिशेब क्वचितच मांडला. जातें बंद पडलें याचें दुःख आम्हांस नाहीं. जात्याबरोबर कोंडाहि गेला याचें आहे, आणि या दोन गोष्टी एकच नव्हेत.

कोंड्याची बाजू पाश्चात्य वैद्यकांत एका आरमारी डॉक्टरनें घेतली. टी. एल. क्लीव्ह हा दुसऱ्या महायुद्धांत किंग जॉर्ज द फिफ्थ या ब्रिटिश युद्धनौकेवर होता. ताजी फळें व भाजी नसल्यामुळें खलाशांस बद्धकोष्ठ झालें, तेव्हां १९४१ सालीं त्यानें त्यांस कच्चा कोंडा चारला आणि तक्रार दूर केली. साखर व मैदा यांच्या अतिसेवनानें अनेक आधुनिक रोग होतात, हें मत तो पुढें आयुष्यभर मांडीत राहिला. त्याचा थोडा उपहासहि झाला. १९६७ सालीं त्याची गांठ डेनिस बर्किट याच्याशीं पडली. हा आयर्लंडचा शल्यवैद्य, लहानपणींच एक डोळा गमावलेला, कित्येक वर्षें युगांडांत काम केलेला. मुलांच्या जबड्यांत होणाऱ्या एका कर्करोगास त्याचें नांव आहे. क्लीव्हचें म्हणणें ऐकतांच युगांडांतील रुग्णालयांचा अनुभव त्यास आठवला : बद्धकोष्ठ, मूळव्याध, आंत्रपुच्छाचा दाह, मोठ्या आंतड्याचा कर्करोग हे विकार तेथील खेडुतांत जवळजवळ नव्हतेच.

बर्किटनें मग असें काम केलें, जें करण्यास कोणीहि सभ्य माणूस धजला नसता. त्यानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं देशोदेशींच्या लोकांचा मळ वजन करून पाहिला, आणि अन्न तोंडांत गेल्यापासून बाहेर पडण्यास किती तास लागतात तें मोजलें. १९७२ सालीं लॅन्सेट या नियतकालिकांत हे आंकडे आले. युगांडांतील खेडूत रोज चारशें ग्रॅमहून अधिक मळ टाकतो, ब्रिटिश खलाशी सुमारें शंभर. पहिल्याचें अन्न सुमारें दीड दिवसांत बाहेर पडतें, दुसऱ्याचें तीन दिवसांहूनहि अधिक काळ रेंगाळतें. हा फरक धान्य, कंद व कडधान्यें यांतील न पचणाऱ्या भागाचा, ज्यास आपण चोथा म्हणतों त्याचा, असें त्याचें म्हणणें होतें. पुढें सर्वच दावे टिकले नाहींत. २००० सालीं अमेरिकेंत झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत, चोथ्याचा आहार चार वर्षें देऊनहि आंतड्यांतील गांठी पुन्हा होण्याचें प्रमाण कमी झालें नाहीं. उलट, नंतरच्या विस्तृत पाहण्यांत चोथा अधिक खाणाऱ्यांत या कर्करोगाचें प्रमाण कमी आढळलें आहे. बद्धकोष्ठाच्या बाबतींत मात्र बर्किट बरोबर होता.

पण इतकें होऊनहि चोथ्याकडे लोक केरसुणीच्या दृष्टीनेंच पाहत होते; आंतडें झाडून काढणारी एक निर्जीव वस्तु, एवढीच त्याची ओळख. मेचनिकॉफच्या जंतूंचा आणि बर्किटच्या कोंड्याचा संबंध आहे, हें ध्यानीं यावयाचें होतें. तो संबंध जुळविणारा एक महत्त्वाचा शोध १९८० सालीं रोएडिगर या शल्यवैद्यानें केला. जो चोथा आपणांस पचत नाहीं तो मोठ्या आंतड्यांतील जंतूंस पचतो. ते त्यास आंबवितात, आणि त्यापासून कांहीं सौम्य आम्लें तयार होतात. त्यांपैकीं ब्युटिरिक आम्ल हेंच आंतड्याच्या अस्तरांतील पेशींचें मुख्य इंधन आहे, असें त्यानें दाखविलें. शरीराच्या इतर पेशी रक्तांतून येणाऱ्या पोषणावर जगतात. या पेशी मात्र जंतूंच्या उष्ट्यावर जगतात. या आम्लाचें नांवहि लॅटिन भाषेंतील लोण्याच्या शब्दावरून आलें आहे, हा एक गंमतीचा योग होय. १९९५ सालीं गिब्सन व रोबरफ्रॉइड यांनीं जंतूंस पोसणाऱ्या अशा अन्नघटकांस प्रीबायोटिक हें स्वतंत्र नांव दिलें.

येथें मोरीची उपमा कायमची मोडली. माणसाच्या शरीरांत सुमारें ३८ लाख कोटि जंतु असून त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारें ३० लाख कोटि आहेत, असा हिशेब २०१६ सालीं मांडला गेला. आणि हे जंतु बहुतेक सर्व मोठ्या आंतड्यांत आहेत. ज्यास मेचनिकॉफनें विषाचें आगर मानलें आणि लेननें कापून फेंकलें, तो अवयव म्हणजे एक नांदतें गोकुळ निघाला. त्याची वस्ती अन्नाप्रमाणें किती लौकर बदलते, हें २०१५ सालच्या एका प्रयोगानें दाखविलें. वीस कृष्णवर्णी अमेरिकन आणि वीस दक्षिण आफ्रिकी खेडूत यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली. तेवढ्या अवधींत चोथ्याच्या आहारावर आलेल्या अमेरिकनांच्या आंतड्यांत ब्युटिरिक आम्ल वाढलें आणि अस्तराचा दाह कमी झाला; चरबीच्या आहारावर गेलेल्या खेडुतांत नेमकें उलट झालें.

आणि ताकाचें काय? त्याची बाजूहि आतां अधिक नेमकी झाली आहे. ज्यांस दुधांतील साखर पचत नाहीं, आणि असे लोक आमच्या देशांत पुष्कळ आहेत, त्यांस जिवंत जंतूंच्या दह्यानें ती पचण्यास मदत होते. युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेनें २०१० सालीं हा दावा मान्य केला. २०२१ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत छत्तीस निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगांत आंबविलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आंतड्यांतील जंतूंचे प्रकार वाढले आणि रक्तांतील दाहाचीं कांहीं चिन्हें उतरलीं. पण २०१८ सालीं इस्रायलांतील वाइझमन इन्स्टिट्यूटमध्यें असेंहि दिसून आलें कीं, प्रतिजैविक औषधांनंतर जंतूंच्या गोळ्या घेतल्यास शरीरांतील मूळची वस्ती परतण्यास उलट उशीर होतो. तेव्हां आंबविलेलें अन्न आणि बाजारांतील जंतूंची गोळी यांस एकाच मापानें मोजूं नये.

आतां हा सर्व इतिहास आमच्या ताटांत काय टाकतो, तें पाहूं. मॅकॅरिसननें कुन्नूर येथें सुरू केलेली प्रयोगशाळा १९५८ सालीं हैदराबादेस गेली आणि पुढें राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम चोथा असतो. बाजरी, नाचणी व बिनचाळलेली कणीक यांत सुमारें ११. पांढऱ्या तांदळांत आणि मैद्यांत मात्र तीनाच्याहि आंत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रौढ माणसास दिवसाकाठीं निदान २५ ग्रॅम चोथा सांगितला आहे. दोन भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी आणि एखादें पेरू एवढ्यानें हा आंकडा सहज गांठतां येतो; मैद्याची बिस्किटें, पाव आणि पांढरा भात यांनीं तो गांठणें कठीण. कडधान्यांस आमचे जुने लोक वातुळ म्हणत, तें खोटें नव्हे. त्यांतील ज्या शर्करा आपणांस पचत नाहींत त्या जंतु आंबवितात आणि वायु होतो. भिजविण्यानें व मोड आणण्यानें त्या बऱ्याच कमी होतात. शिजवून थंड केलेल्या भातांतील कांहीं पिष्ट न पचणारें होऊन चोथ्याचें काम करतें. मात्र भात रात्रभर उघड्यावर उबेंत ठेवल्यास त्यांत अपायकारक जंतु वाढतात, हें लक्षांत ठेवावें.

ताकाविषयींहि दोन शब्द. कढी चवीला उत्तम, पण उकळी आली कीं जंतु मेले. फार दिवस टिकावें म्हणून पुन्हा तापवून बंद केलेल्या ताकाचीहि गोष्ट तीच. जिवंत ताक हवें असेल तर तें ताजें घुसळलेलें असावें. देशावरची ज्वारीची व नाचणीची आंबील, तांदूळ-उडदाची आंबोळी, हे सर्व याच घराण्यांतले. त्यांतहि आंबिलीचें विशेष हें कीं, तींत धान्याचा चोथा आणि ताक एकाच वाटींत येतात. शास्त्रास जें जुळविण्यास ऐंशी वर्षें लागलीं तें एखाद्या आजीनें कारण न विचारतां चुलीवर जुळविलें होतें. ज्यांस आंतड्याचा मोठा विकार आहे त्यांनीं मात्र वैद्याच्या सल्ल्यावांचून कोंडा वाढवूं नये, आणि निरोग्यानेंहि तो हळूहळू व भरपूर पाण्यासह वाढवावा.

या इतिहासांत दोन प्रकारचा गर्व पुन्हा पुन्हा दिसतो. एक शास्त्राचा : अर्धें दिसलें कीं पूर्ण समजलें असें मानून रोग्याच्या पोटावर शस्त्र चालविणारा. दुसरा आमचा : जुन्या ग्रंथांत सर्व कांहीं होतें असें सांगत ताटांतून भाकरी काढून टाकणारा. पहिल्याची परतफेड लेनच्या रोग्यांनीं केली. दुसऱ्याची आमचीं मुलें करीत आहेत. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भारताच्या सूचनेवरून भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां ज्वारी-बाजरीची स्तुति पुष्कळ झाली. तीच ज्वारी आतां डबाबंद होऊन, साखर व मसाला लावून, चौपट दरानें शहरांत विकली जाते, आणि गांवाकडील मजूर शिधावाटपाच्या दुकानांतील पांढरा तांदूळ घरीं नेतो.

याला फार मोठा उपाय लागत नाहीं. गिरणी बंद करावयास नको. तीच गिरणी सबंध धान्य दळते, आणि ज्वारीला तर चाळणीची गरज अगदीं थोडी. जात्यापाशीं कोणीहि पुन्हा बसावयास नको. भाकरी थापण्यास पुरुषांचे हातहि शिकूं शकतात. तें शिकणें हा आमच्या मतें या विषयावरील कोणत्याहि व्याख्यानापेक्षां अधिक उपयोगी सुधार होईल. घरांत लग्नकार्याच्या पंगतींत मठ्ठा वाढतात तसा रोजच्या जेवणांत ताकाचा पेला असावा, आणि कणीक चाळतांना चाळणी भिंतीवरच टांगलेली राहावी, एवढेंच आम्ही वाचकांस सुचवितों.